तीन

ऑगस्टात फरशीला मेण लावून झालं,
वास अजून ओला असतो,
तेव्हा नववीची पोरं येतात.
शाळा उघडायला दोन दिवस असतात.
ती येतात नुसती कुलपं उघडायला शिकायला.
उजवीकडे बारा. डावीकडे, एक फेरा जास्तीचा, तीस.
मग हळूच उजवीकडे चार.
झाडू काखेत धरून मी शिकवतो, सव्वीस वर्षं झाली.
मिशिगनच्या या टोकाला बर्फ छपरापर्यंत चढतो,
त्याला कुणी घाबरत नाही.
पोरांना भीती कुलपाची.

सानी हेइक्किलाला तिसऱ्या खेपेला जमलं.
"आता विसरायची नाहीस," मी म्हटलं.
ती हसली नाही. हसायला शेजारी कुणी लागतं,
आणि शेजारची उन्हाळ्यातच
सरोवरापलीकडे राहायला गेली होती.

ऑक्टोबरात बघतो,
तर जेवणाच्या सुट्टीत ती लॉकरपाशी,
चकतीशी झटतेय.
अडलं असेल म्हणून जवळ गेलो.
अडलं नव्हतं.
उघडायची. खट्. लावायची.
पुन्हा बारा, पुन्हा तीस.
पस्तीस मिनिटं.
कामात गुंतलेल्या माणसाला
एकटीच का गं, असं कोण विचारतं?

ही युक्ती मला ठाऊक आहे.
माझ्या वेळी बॉयलरची खोली होती.
अख्खं एक वर्ष तिथे उभ्यानं पाव खाल्ला
आणि घरी सांगितलं, मजेत.

समुपदेशक लिंडक्विस्टबाई दर शुक्रवारी कागद वाटतात:
कसं वाटतंय? एक ते पाच, गोल करा.
सानीचा गोल कायम तीनवर.
लपायला बरा आकडा.
ना रडका, ना फुशारकीचा,
मधल्या रांगेत मान खाली घालून बसलेला.

मी बाईंकडे गेलो. नाव घेऊन सांगितलं.
चहाडी वाटली तर वाटो.
आणि सानीला म्हटलं, तळमजल्यावरची कुलपं गंजलीत,
तेल घालायला माणूस हवंय.
खरं तर दोन हवीत.
दुसरा डेन्झिल ट्रेवार्था,
जो सुट्टीभर पाण्याच्या नळाशी रांगेत उभा असतो,
रांग नसताना.

फार काही बोलली नाहीत.
"हे अडतंय."
"जरा दाब."
तेल निम्मं फरशीवर, माझ्या मेणावर.
डबे मात्र एकाच पायरीवर.

थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शुक्रवारी
बाईंच्या खोलीतली टोपली रिकामी करत होतो.
सानीनं कागद ठेवला. तशीच उभी राहिली.
नजर गेलीच माझी: गोल दोनवर.
पोटात खड्डा पडला.
म्हटलं, गेलं सगळं तेल वाया.
बाई कागद खिडकीपाशी नेऊन बघत होत्या,
खोडलेला तीन अजून पुसट दिसत होता.
"खरं लिहिलंस," एवढंच म्हणाल्या
आणि दुसरी खुर्ची ओढली.

मी दार लोटून घेतलं.
कुलूप नाही लावलं.