शिडी

वाल्परायसोच्या एका चढावर जुनं अग्निशमन ठाणं
आता संग्रहालय आहे.
दारं तशीच लाल. फक्त ती आता
कुणी धावत येऊन उघडत नाही,
अकरा वाजता किल्लीनं उघडतात.

आत पितळी हेल्मेटं, चामड्याच्या बादल्या,
घोड्यांच्या गव्हाणीत तिकिटांची पेटी,
आणि पाण्याचे पाइप वाळत घालायचा उंच मनोरा,
ज्यात अजून ओल्या तागाचा वास येतो.
त्याची पाटी नाही कुठे.

एर्नाल्दो ओयार्सून सगळं दाखवतो. वय अठ्ठ्याहत्तर.
आग विझवण्याचा पगार कधी घेतला नाही,
उलट दरमहा वर्गणी भरली,
हे तो प्रत्येक शाळेला सांगतो
आणि प्रत्येक शाळा आपल्या बाईंकडे बघते:
खरं का हे?

मंगळवारी छतावरचं धुराचं नवं यंत्र
किरकिरू लागलं.
धूर नव्हता. सेल संपला होता.
दर मिनिटाला एकदा, रातकिड्याच्या हट्टानं.
क्लोरिंदानं झाडू उंचावला. पुरला नाही.
नगरपालिकेला फोन केला.
गुरुवारी माणूस पाठवतो, म्हणाले.

गुरुवारी!
म्हाताऱ्याची कानशिलं तापली.
त्यानं दोरी ओलांडली,
'हात लावू नये' ही पाटी नीट भिंतीला टेकवली
आणि एकोणीसशे चारची ओकची शिडी
खांद्यावर घेतली,
झोपलेलं लेकरू घेतात तशी, मान सांभाळून.

चौथीतली दोन पोरं पायथ्याशी.
"नुसती धरू नका, भार टाका.
आणि वर माणूस आहे, हे विसरू नका."

लाकूड कुरकुरलं.
सातव्या पायरीला एक खाच आहे,
तिथं त्याचा पाय आपसूक आखडला.
पन्नास वर्षांत पाय विसरला नव्हता.

सेल बदलला. शांत झालं.
तरी तो उतरेना.
झरोक्यातून बंदर दिसत होतं,
समोरच्या टेकडीवर एकमेकांना रेललेली पत्र्याची घरं,
दोरीवरची चादर कुठल्या बाजूला फुगलीय
ते त्यानं आधी पाहिलं.
दक्षिणेचा वारा.
"वाईट," तो पुटपुटला.
खाली कुणाला ऐकू गेलं नाही.

संध्याकाळी अभिप्रायाच्या वहीत,
'फार सुंदर' आणि 'पुन्हा येऊ' यांच्या खाली,
थरथरत्या पण सरळ ओळीत लिहिलेलं सापडलं:
बारा वाजून सात. शिडी बाहेर.
बारा वाजून एकोणीस. शिडी आत.
आग नाही.
हजर: ओयार्सून, दोन विद्यार्थी.

आणि त्याखाली वेगळ्या, गोल अक्षरात:
झाडूवाल्या मावशीपण.