टोपरं

बिंदू चौकाजवळच्या गाळ्यात दिवसभर मी माणसांना सांगतो,
हलू नका.
हनुवटी जरा खाली. दोन्ही कान दिसू देत.
आधारकार्डाला, पेन्शनीला, पाहुण्यांना दाखवायला,
अख्खी पेठ माझ्यासमोर श्वास धरून बसून गेलीय.

आणि महिन्यातनं एका रविवारी
दस्तगीर चित्तेवानला मागं बसवून
गारगोटीवरनं पाटगाव, पाटगाववरनं वर सड्यावर.
जांभा अजून तापलेला. बुडाखाली गोणपाट.
अंजनीच्या जाळीत आम्ही दोघं, तिसरा ट्रायपॉड,
आमच्यात तोच काय तो स्थिर.

दस्तगीरकडं चित्त्याचं म्हणून आता आडनावच उरलंय.
एसटीच्या वर्कशॉपात पत्रे ठोकून तो रिटायर झाला.
पण आज्ज्याकडनं ऐकलेलं गाठीला आहे,
चिंचोक्यासारखं, वाट बघताना चघळायला.
संस्थानचे चित्ते बैलगाडीत बसून माळावर जायचे,
डोळ्यांवर चामड्याचं टोपरं.
काळवीट टप्प्यात आलं की आज्जा टोपरं उचलायचा.
बस. पुढचं जनावरानं बघून घ्यायचं.
"तू बी त्येच करतोस,"
लेन्सच्या टोपणाकडं बोट करून तो म्हणतो,
"फक्त तुझ्या डोळ्याला पाय न्हाईत."

सव्वासहा.
खाली धरणाचं पाणी आधी तांबूस,
मग कल्हई उडालेल्या परातीसारखं.
आयएसओ आठशे. सोळाशे. बत्तीसशे.
गुळाच्या सौद्यात चढावी तशी बोली चढत जाते
आणि माल तर डोळ्यांदेखत विरघळतोय.
भेकर भुंकलं, एकदाच. मोर झाडावर गप्प झाले.

वाघरू होतं.
आलं असं म्हणता येत नाही, येताना मी पाहिलंच नाही.
दगड होता,
आणि मग दगडाला मान होती.

चौसष्टशे. शटर सेकंदाचा आठवा हिस्सा,
एवढ्यात माणूस खोटं बोलून मोकळा होतो.
ते बसलं. सरळ माझ्याकडं तोंड करून.
कुणी न सांगता हनुवटी खाली,
दोन्ही कान दिसत होते.
इतकं नीट गिऱ्हाईक मला आजवर मिळालेलं नाही.

मी दाबलं.
परत दाबलं.
तिसऱ्यांदा दस्तगीरचा हात मनगटावर आला.
"ऱ्हाऊ दे. उजेड गेल्यावर आज्जा टोपरं काढायचा न्हाई."
"का?"
"अंधारात सोडलेलं माघारी येत न्हाई."
चित्ता, की काळवीट, की आणखी कोण,
ते त्यानं सांगितलं नाही. मी टोपण बसवलं.
ते तिथंच बसलं असेल किंवा गेलं असेल.
हेडलाईट न लावता आम्ही गाडी
पहिल्या वळणापर्यंत ढकलत नेली,
दोघंही उगाच वाकून, चोरासारखे.

सोमवारी गाळ्यात मोठ्या पडद्यावर उघडलं.
पहिल्यात नाचणी सांडावी तसे दाणे, नुसते दाणे.
दुसऱ्यात दोन वाघरं,
एकातनं एक जरा सरकलेली. चार डोळे.
जनावर हललं म्हणावं,
तर दगडही दोन होते,
करवंदीची जाळीही दोन.

बाकड्यावर सुंद्राबाई मगदूम कधीच्या बसल्या होत्या,
हयातीच्या दाखल्याला फोटो हवा म्हणून.
त्यांची मान वयानं सारखी हलते,
नाही नाही म्हटल्यासारखी.
"लई हलतंय व्हय रं?" त्यांनी विचारलं.
तोंडात आलेलं मी गिळलं.
बसा निवांत, म्हणालो, मी थांबतो.
आणि कोपऱ्यातला दुसरा दिवाही लावला.