मीठ

ग्रिम्सबीच्या चर्चमध्ये आज हीटर बंद.
शांतवनचा हात थरथरतो,
छोट्या प्याल्यातला द्राक्षरस
माझ्या पांढऱ्या बाहीवर सांडतो.

पहिल्या वर्षी मी देवाशी भांडले :
नगरहून इतक्या लांब आणलंस ते याचसाठी?
उत्तर आलं नाही.
अजूनही आलेलं नाही.

फक्त मी त्याची बटणं लावायला शिकले
घाई न करता,
चमचा ओठांपाशी धरून थांबायला.
पूर्वी प्रार्थनेत केवढी बोलायचे मी!
आता त्याच्या बुटाची नाडी बांधताना
गुडघे टेकते,
तेवढीच.

मागच्या बाकावरची डोरीन कुजबुजली,
डाग मिठानं निघेल.
मीठ आहे घरी, म्हटलं,
आणि थरथरणारा तो हात
तसाच धरून बसले
उपासना संपेपर्यंत.