काच बघताना

विल्दर, खोकं उघडण्याआधी हात पूस.
पंख्याचं तोंड भिंतीकडे कर.
वरची पट्टी नको उचलूस, मधली काढ;
वरचा थर सगळेच नीट लावतात,
पपईवाल्यापासून काचवाल्यापर्यंत.

कडेला धर. अशी. आता खिडकीशी ये
आणि नदीच्या उजेडात तिरकी कर.
काचेतून बघायला आयुष्य पडलंय,
आज काचेवरून बघ.
दुधावर साय धरू लागावी तसं काही दिसतंय?
ती इकितोसची हवा.
इथे कुऱ्हाड गंजते, पाव बुरसतो,
आणि काचही झिजते आतल्या आत,
हे मला शाळेत कुणी सांगितलं नव्हतं.
मध्ये कागद न घालता रचलेल्या स्लाइड
सहा महिन्यांत एकमेकींना अशा बिलगतात
की सुरीनंही सुटत नाहीत.
अशी पेटी आली की परत.
बोट सुटली असेल तर पुढच्या बोटीनं परत.

कडा घासलेल्याच माग. महाग पडतात, पडू देत.
बिनघासल्या कडेनं माझा अंगठा तीनदा कापलाय,
त्यात एकदा माझंच रक्त
सेन्योरा पिन्यादोच्या थेंबात उतरलं.
तिला पुन्हा टोचावं लागलं. ती हसली. मी नाही.

एका टोकाला धुरकट पट्टा हवा,
शिसपेन्सिलीनं नाव लिहायला.
शाई धुण्यात वाहून जाते
आणि मग ताटात वाळत पडतात
दहा बिननावाचे ताप.

कव्हरस्लिपचं गणित वेगळं.
रक्ताच्या थेंबाला ती लागत नाही, तेल थेट थेंबावर.
पण पोटाच्या नमुन्यांना लागते.
डबीवर 'दीड नंबर' आहे का बघ:
मिलिमीटरचे शंभर भाग, त्यातले सतरा.
कुठल्याशा थंड गावात कुणीतरी
एवढीच जाडी मनात धरून भिंग घासलंय,
त्याला दिलेला शब्द आपण पाळायचा.
जाड घेतलीस, तर अमीबाचा कोष दिसेल,
पण लांबून येणारं ओळखीचं माणूस दिसावं तसा,
चाल कळते, चेहरा नाही.
आत केंद्रकं चार की आठ,
त्यावर औषध ठरतं, पोरा.

लीमाहून पत्र येईल: जुन्या धुऊन वापरा.
त्या वर्षीही आलं होतं.
आम्ही धुतल्या, उकळल्या, फडक्यावर मांडल्या.
एकीवर कुणाच्या बोटाचा ओशटपणा राहिला.
थेंब सुकला, दिसायला ठीकच,
रंगाच्या पाण्यात पापुद्रा अलगद सुटून गेला.
उरल्या कडेवर मी क्षेत्रामागून क्षेत्र मोजत राहिले
आणि लिहिलं, काही नाही.
खोटं नव्हतं ते. काचेवर काहीच नव्हतं.
आमासिफुएनांचा नऊ वर्षांचा मुलगा
होडीत बसून नानायच्या वरच्या अंगाला परत गेला.
चौथ्या रात्री आणला, तेव्हा स्वतःचं नाव विसरला होता.

जगला. बेलेनच्या बाजारात आता मासे विकतो.
मला ओळखत नाही.
मी त्याच्याकडूनच घेते, भाव न करता,
आणि घरी येईपर्यंत ती काच काचत राहते.

लोक म्हणतात, डोळ्यांत तेल घालून बघा.
तेल आपण थेंबावर घालतो;
डोळा त्याच्या किती तरी आधी लागतो,
इथे, या पुठ्ठ्याच्या खोक्यापाशी,
जिथे अजून कुणीच आजारी नाही.

ही घे मागणीची चिठ्ठी. मी सोमवारपासून नाही.
'बहात्तरची पेटी' असं लिही आणि खाली
'कागद घातलेल्या', ठळक.
आणि ती हातातली ठेव आता,
केव्हाचा अंगठा मध्यावर टेकवून उभा आहेस.