चोपन्न पायऱ्या

गेल्या रविवारी मंडळीने आमचा सत्कार केला.
पंच्याहत्तरी ओलांडलेले आम्ही नऊ जण,
नऊ शाली, नऊ नारळ,
आणि पाळकसाहेबांनी जाहीर केलं :
मार्थाबाई आता पुढच्या बाकावर बसतील, पंख्याखाली.
टाळ्या झाल्या.
शाल घेतली, नारळ घेतला,
म्हटलं, पंखा राहू द्या.
मला शांतवनचा जिना द्या.

शरणपूरला, तिबेटी मार्केटपासून दोन गल्ल्या आत
लिफ्ट नसलेली इमारत, तिसरा मजला.
वर शांतवन त्रिभुवन, वय एकसष्ट,
नोटांच्या छापखान्यात हयात काढलेला,
डावं अंग गेल्यापासून भिंतीकडे तोंड करून निजलेला.
त्याच्या भेटीची पाळी लावायला घेतली
की अख्ख्या मंडळीचे गुडघे एकदम दुखू लागतात.

शास्त्रात एक म्हातारा आहे.
पंच्याऐंशीव्या वर्षी त्याने सावली नाही मागितली,
डोंगर मागितला,
तोही धिप्पाड शत्रूंच्या वस्तीचा.
लहानपणी मला तो बढाईखोर वाटायचा.
आता वाटतं, त्याला डोंगराचं काय करायचं होतं?
देव सोबत चढतो का, एवढंच बघायचं असेल.

तशी मी काही पोलादाची नाही.
पहाटे पाचला, डिसेंबरच्या नाशकात,
खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठते, बसते.
सातव्याला ‘प्रभू’ म्हणते.
नवव्याला जे म्हणते ते लिहिण्यासारखं नाही.
शरीर हे मंदिर, असं व्यासपीठावरून ऐकत आले;
मंदिर रोज झाडावं लागतं
हे सिव्हिलच्या वॉर्डात बत्तीस वर्षं शिकले.

नावं विसरते मी.
म्हणून वही : कोणासाठी प्रार्थना, कोणाची शुगर,
कोणाचा मुलगा दुबईहून फोन करत नाही.
मार्टिनना जाऊन अकरा वर्षं झाली,
पहिल्या पानावरचं त्यांचं नाव अजून खोडलेलं नाही.
कुठल्या रकान्यात घालावं तेच कळत नाही.

पिंपळगावला भावाची द्राक्षबाग होती.
एप्रिलच्या उन्हात तो खरड छाटणी करायचा,
मागे नुसते खुंट उरायचे
आणि मला रडू यायचं.
तो म्हणायचा, अक्का, वेलीला विचार, मला नको.
माझीही झाली की छाटणी :
नोकरी, नवरा, एक स्तन,
डाव्या कानाचं ऐकणं.
फळाचं मात्र मी बोलू नये.
ते चाखणाऱ्याने सांगावं.

गुरुवारी गेले.
अठराव्या पायरीला थांबले,
जाळीतून चांभारलेण्यांची टेकडी, अर्धी धुक्यात.
छत्तिसाव्याला कठडा घट्ट धरला.
एक पोरगा दोन-दोन पायऱ्या उडवत वरून आला,
‘आजी, सांभाळून हं!’
सांभाळूनच आले रे इथवर.
कोणी सांभाळलं, ते सांगायलाच वर चाललेय.

‘कशाला येता, मार्थाबाई?
माझ्यापेक्षा सोळा वर्षांनी मोठ्या तुम्ही.’
भिंतीशीच बोलला तो.
मी लगेच प्रार्थनेला बसले नाही.
त्याचा डावा हात ओढून मांडीवर घेतला.
मूठ कर.
नाही झाली.
पुन्हा.
नाही.
पुन्हा, शांतवन.
अंगठा हलला,
माशी उडावी इतकाच.
म्हटलं, चल, नोटा मोज. ही एक.
तो हसला की रडला,
अर्ध्या चेहऱ्यावरून नीट कळत नाही.
मग आम्ही डोळे मिटले.

उतरताना जास्त दुखतं, हे कोणी सांगत नाही.
आणि खाली फाटकाशी आल्यावर आठवलं,
सत्काराची शाल त्याच्या पायांवरच राहिली.
मुद्दाम नाही. विसरतेच मी.
आता ती आणायला जावं लागणार.