बांध

पुरातत्त्व खात्याची बाई मंगळवारी आली,
निळी फाइल, उसने गमबूट, तीन पायांचं यंत्र.
ईथ्ना हानाफिन.
म्हटलं, गायी मारक्या नाहीत, जा वर.

वर म्हणजे लिस.
गावाच्या नावातही तेच आधी येतं, लिसनाबॉर,
आम्ही बाकीचे मागून.
मातीचं एक कडं, कमरेएवढं,
भोवती बुजत आलेला चर,
हॉथॉर्नची झुडपं वाऱ्याने एका अंगाला झालेली.
बाराशे वर्षांपूर्वी कुणी आत गुरं कोंडली,
लोणी काढलं, लांडग्यांना शिव्या दिल्या.
आता फाटकापाशी सरकारी पाटी:
खणू नये. हलवू नये. दंड होईल.
गायी त्या पाटीला पाठ घासतात.

संध्याकाळी ती चहाला आत आली.
कागदावर वर्तुळ,
पूर्वेला पोचा आलेल्या पातेल्यासारखं.
म्हणाली, इथे कुणीतरी बांध कोरलाय,
दरसाल एकेक तास, वीसेक वर्षं.
वडील, मी म्हटलं. फॉख्तना.
भला माणूस, पण जमिनीच्या बाबतीत हावरा.

"मग थांबले का? पाटी तर फार नंतरची."

मी साखर ढवळत राहिले.
मी चहात साखर घेत नाही.

एक्कावन्नचा फेब्रुवारी. माझ्या जन्माआधीचा.
कपाळाला पाणी लागायच्या आत पोर गेलं,
चर्चच्या आवारात जागा नाही, म्हणाले फादर,
सभ्यपणे, टोपी हातात धरून.
अशांना लिसमध्ये ठेवत, कधीपासून कुणास ठाऊक.
रात्री कंदील घेऊन वडील गेले,
काखेत लोण्याचं रिकामं खोकं.
आई, गॉबनेट, खिडकीत उभी,
उजेड चढताना दिसला, मग बराच वेळ
एकाच जागी.
त्या वसंतात नांगराचा घोडा
दहा पावलं आधीच वळला.
पुढच्याही. मी लहानपणी मोजायचे. दहा.

यातलं मी काही बोलले नाही.
घोडा तिथे बुजायचा, एवढंच म्हटलं.

ती कागदाकडे बघत होती.
पोच्याच्या आतल्या अंगाला बारीक ठिपके, नऊ.
"पांढरे गोटे आहेत तिथे. मी लिहिलंय, विखुरलेले."

चौथ्यावर माझं बोट कधी गेलं, कळलं नाही.

"विखुरलेले नाहीत," मी म्हटलं. "ठेवलेले."

चहा निवला होता.
तिने एक शब्द खोडला,
आणि माझा लिहिला.