एका दमात

दिवाळीनंतर जिनिंग सुरू झाली की
मानवत रोडवरच्या आमच्या आरोग्य केंद्रात
बायांच्या केसांवर रुईचे पुंजके घेऊनच रांग येते.
कौसाबाई आली ती पोरीला कडेवर घेऊन.
आठ वर्षांची पोर, कडेवर.

"रातच्याला लई खोकलतीय, मॅडम.
दिवसा कायबी नसतं.
छातीत मांजर बसल्यावानी वाजतंय."

गुट्टे सिस्टरनं जुनी रजिस्टरं काढली.
संबोधी वाव्हळ, वय सहा, सर्दी-खोकला,
अँटिबायोटिक, पाच दिवस.
संबोधी वाव्हळ, वय सात, सर्दी-खोकला.
औषध तेच.
दोन वर्षांत सहा नोंदी
आणि सहाही वेळा अक्षर माझं,
घाईतलं, उजवीकडे कललेलं.

फ्रॉक वर केला.
दर श्वासाला बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात होती.
कानात बारीक शिट्ट्या,
फुग्याचं तोंड चिमटीत धरून
हवा सोडावी तशा.

फुंकून मोजायचं यंत्र आमच्याकडे नाही.
भिंतीवर पोस्टर आहे.
म्हटलं, वाच.

बाळाला
पहिल्या
तासात
आईचं

तिथंच थांबली. खांदे वर.

सिस्टरनं पाण्याच्या बाटलीच्या बुडाला
तापल्या तारेनं भोक पाडून पंप बसवला.
एक फवारा, पाच श्वास.
परत हलव. परत एक.
असे चार.

"पंप नको मॅडम, सवय लागती म्हणत्यात.
आन त्यो शब्द तेवढा कागदावर लिहू नका.
उद्या पोरीला बघाया पाव्हणे येतील."

पंधरा मिनिटं थांबायचं असतं.
तेवढ्यात मी कुत्रं चावलेला एक म्हातारा पाहिला,
एका गरोदर बाईचा बीपी दोनदा घेतला.
परत आले. शिट्ट्या जवळपास गेलेल्या.
म्हटलं, वाच.

बाळाला पहिल्या तासात आईचं दूध द्या, तेच त्याचं पहिलं लसीकरण!

एका दमात. आणि वर मलाच प्रश्न,
"पहिला तास कवापासून मोजायचा?"

सातव्या नोंदीत मी तो शब्द लिहिला.
सावकाश, सरळ अक्षरात.

निळा पंप धाप लागली की.
तपकिरी रोज, सकाळ-संध्याकाळ,
खेळत असली, हसत असली तरी रोज.
मग चूळ भरायची.
"बरं असताना कशाला औषध?"
मी विचारलं, जिनिंगात आग नसताना
पाण्याच्या बादल्या भरून कशाला ठेवता?
तेवढ्यावर मात्र कौसाबाईनं मान डोलावली.

तपकिरी पंप कपाटात एकच होता.
पुढचा कधी येईल, ते मी सांगितलं नाही.
मला माहीत नव्हतं.

तिनं कागदाची घडी घातली,
शब्द आतल्या बाजूला जाईल अशी,
आणि कनवटीला खोचली.
पोर बाटली घेऊन पुढं, आपल्या पायांनी.

पुढचा पेशंट. वय चार.
सर्दी-खो
पेन तिथंच अडलं.
सिस्टर, म्हटलं,
ती जुनी रजिस्टरं अजून आत ठेवू नका.